काठ काढलेलं लुगडं

गाठोडं सोडलं की आधी वास बाहेर येतो, कपडे मागाहून. डांबराच्या गोळ्यांचा, बंद कपाटातल्या लाकडाचा, खोबरेल तेलाचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी बगलेच्या शिवणीत मुरून बसलेला, कितीही ऊन दाखवलं तरी न हटणारा माणसाचा वास. लातूरच्या वस्त्रभांडारात नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीला माझ्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे सवय झाली, आणि ती इतकी झाली की वासावरून मी घर ओळखू लागले. हे आडत्याच्या घरचं, याला गूळ आणि हळद यांचा दर्प; हे डॉक्टरांकडचं; आणि हे त्या घरचं, जिथं कुणी म्हातारं माणूस फार दिवस अंथरुणाला खिळून होतं. देणारे म्हणत, 'नव्यासारखंच आहे हो.' असं म्हणताना त्यांची नजर गाठोड्यावर नसे, माझ्या चेहऱ्यावर असे, आणि मी मान डोलावली की त्यांच्या पदरात पुण्य पडत असे. मी दिवसभर मान डोलावत असे. पगार त्याचाच होता.

एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातल्या दोन खोल्या म्हणजे आमचं भांडार. गावातल्या सधन घरांतून जुने कपडे गोळा करायचे, निवडायचे, तुटकी बटणं नि उसवलेल्या शिवणी नीट करायच्या आणि गरिबांना अगदी किरकोळ किमतीला विकायचे, असं महिला मंडळाचं काम. फुकट वाटलं की माणूस भिकारी होतो अशी मंडळाची श्रद्धा होती. मी अहमदपूरहून बी.ए. होऊन आलेली, निवडणारी, विकणारी आणि केर काढणारी. शिवणयंत्रावर मौला मास्तर, कमी बोलणारे, तोंडात कायम दोऱ्याचं टोक. कपडे धुवायला पाणी नव्हतं. आम्ही ते आवारातल्या बाभळीवर टाकत असू आणि उन्हाला धुवायला सांगत असू. त्या वर्षांतलं ऊन तेवढ्या कामाचं होतं, ते कशाचाही रंग काढू शके.

भांडाराचा एक नियम होता. लातूरला जमलेला कपडा लातुरात विकायचा नाही. तो गाठोड्यात बांधून, एस.टी.च्या टपावर टाकून, नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या शाखेत पाठवायचा, आणि त्या बाजूला जमलेला कपडा इकडे आणायचा. कारण कुणी उघड बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आपण चार समारंभांत मिरवलेलं लुगडं आपल्याच गल्लीत, धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या अंगावर पुढ्यात येऊन उभं राहिलं, तर दान देणाऱ्या हाताला कसंसंच होतं. द्यावं, पण दिलेल्याचं तोंड पुन्हा पाहू नये, इतकी साधी गोष्ट. मला तेव्हा ही व्यवस्था फार हुशारीची वाटे आणि ती होतीही. तिच्यात फक्त पावसाचा विचार केलेला नव्हता.

त्या काळात लातूरला दोन गोष्टी लागोपाठ आल्या, जिल्हा आणि दुष्काळ. जिल्हा नवा होता. सरकारी पाट्यांचा रंग ओला होता, भाड्याच्या घरांत कचेऱ्या भरत होत्या आणि गावाबाहेरच्या माळावर, काल जिथं शेळ्या चरत होत्या तिथं, भराभर इमारती उठत होत्या. दुष्काळ मात्र जुना होता, त्याला कुठल्या पाटीची गरज नव्हती. विहिरींच्या तळाशी चिखल आणि चिखलात बेडूक, एवढंच पाणी उरलं होतं. माणसं टँकरच्या मागे धावत आणि बांधकामाचे टँकर माणसांच्या पुढून निघून जात, कारण माणसाला दोन दिवस पाणी मिळालं नाही तर तो वाट पाहतो, ओल्या सिमेंटला मिळालं नाही तर ते तडकतं. या इमारतींच्या कामावर मुखेडकडची कोरडवाहू गावंच्या गावं आली. त्यांच्या बायका आल्या, आणि त्यांच्या अंगावर, लातूरच्या बायकांनी इतक्या लांब हाकलून दिलेली लुगडी, स्वतःच्या पायांनी चालत परत आली.

त्यांतलीच एक शेवंता. मुखेडजवळच्या कुठल्याशा वाडीची, तिशीच्या आतबाहेरची, मूलबाळ नसलेली. ती भांडारात चिंध्या घ्यायला येई. घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ तिला चांगली मऊ लागे, आणि चिंध्या निवडताना ती माझ्याशी बोलत बसे. नवरा हैद्राबादला कामाला गेला होता, त्याला दोन उन्हाळे उलटले होते. निरोप नाही, पैसा नाही, तिकडून आलेल्या कुणाच्या तोंडी नावसुद्धा नाही. वाडीत लोक दबक्या आवाजात काहीबाही बोलत. सासूने तर हिच्याशी बोलणंच टाकलं होतं, हिच्या तोंडाला कंटाळून पोरगा परागंदा झाला म्हणून. शेवंता हे सगळं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगे. पण कपाळावरचं कुंकू ती इतकं ठसठशीत लावायची की घामाने ते नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळे, आणि अंगावर एकच लुगडं, हिरवं इरकली, लांबूनच डोळ्यांत भरणाऱ्या रुंद तांबड्या काठाचं.

"मालकानं घेतल्यालं हाय, मुखेडच्या तुमच्याच दुकानातून," ती एकदा म्हणाली. "जायच्या आदल्या बाजाराला. मला म्हनले, यात तू लई लांबून वळखू येतीस."

मी मान डोलावली. ते लुगडं मीच गाठोड्यात बांधून मुखेडला पाठवलं होतं, आणि ते गंगाअक्कांचं होतं.

गंगाअक्का आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. घरचं आडत दुकान, गांधीटोपी घातलेले शांत यजमान, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय अक्का पाण्याचा घोट घेत नसत. गोऱ्या, उंच, चालण्यात एक ऐट. आणि मनाने खरोखर उदार. हे मी उपरोधाने लिहीत नाही. दुष्काळात त्यांनी दारात भाकरी-आमटी वाटली होती आणि वाटताना एकदाही नाक मुरडलं नव्हतं. त्यांच्या घराच्या अगदी समोर एका नव्या कचेरीचं काम चाललं होतं. तिथं शेवंता घमेली वाहायची.

एका सकाळी अक्कांच्या शेजारणीने, देवळातून येताना, रस्त्याच्या कडेने पाठमोऱ्या चाललेल्या बाईला मागूनच हाक मारली, "शरणार्थ, अक्का. आज इतक्या लवकर कुठं निघालात?" हिरवं इरकली, तांबडा काठ, तीच उंची. बाई वळली. ती शेवंता होती, डोक्यावर घमेलं आणि घमेल्यात ओला माल. शेजारीण ओशाळली आणि मग, ओशाळलेली माणसं करतात तसं, तिने ते सगळ्या गल्लीला हसत हसत सांगितलं. दुपारपर्यंत चार बायकांनी अक्कांना विचारून झालं होतं की रोजगार हमीवर नाव घातलंत का. पाचवीने विचारलं तेव्हा अक्का हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली आणि ठरलं की इथून पुढे भांडारात येणाऱ्या प्रत्येक लुगड्याचे काठ काढून मगच ते विकायचं. कल्पना अक्कांची. लुगडं ओळखू येतं ते काठावरून. काठ गेला की ते कुणाचंच नाही. कुणाला वाईट वाटायचं कारण नाही, घेणाऱ्याला कापड मिळतंच. बैठकीला बसलेल्या सगळ्याजणी काठापदराच्या होत्या. बिनकाठाचं लुगडं आपल्याकडे कोण नेसतं हे त्यांना मी सांगावं असं नव्हतं. प्रत्येकीच्या घरात कुठल्यातरी कोपऱ्यात तसलं लुगडं नेसलेली एखादी म्हातारी होतीच, जिला मंगळकार्यात पुढे येऊ देत नाहीत. तरीही कुणाच्या मनात ते आलं नाही. आपल्या घरात जो अपशकुन असतो तो दुसऱ्याच्या अंगावर नुसतं कापड असतो, असंच काहीसं त्यांचं झालं असावं. मौला मास्तर एवढंच म्हणाले, "किनार काढली तर कडेनं उसवतंय, अक्का. शिलाई मारावी लागंल." "मग मारा," अक्का म्हणाल्या.

पण पुढे येणाऱ्या लुगड्यांचे काठ काढून आधीच विकलेल्याचं काय होणार होतं? शेवंता रोज समोरच होती. शेवटी अक्कांनी तिला घरी बोलावलं, आणि मास्तरांना नि मला कात्री घेऊन या म्हणून निरोप धाडला.

ती दुपार मला तुकड्यातुकड्याने आठवते. ओसरीवरच्या शहाबादी फरशीचा थंडावा तळपायांना कळत होता. समोरच्या रस्त्यावरचं ऊन पांढरं झालं होतं, आणि आतल्या चौकात, त्या उन्हाळ्यात गावभर कुठंच न ऐकू येणारा आवाज येत होता, हौदात पडणाऱ्या पाण्याचा. अक्कांकडे बोअर होती. शेवंता दाराशी उभी होती, चुंबळ हातात चुरगाळत, आणि तिचे डोळे राहून राहून त्या आवाजाकडे जात होते.

अक्का तिच्याशी गोड बोलल्या. त्या म्हणाल्या, "तुझं लुगडं मी मागत नाही. दिलेलं परत घेण्याइतकी मी हलकी नाही. फक्त काठ काढून दे. तुझ्यासमोर शिलाई मारून देतील."

शेवंताला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, भांडारात नांदेडकडून आलेलं दुसरं एक आहे, काठाचं, ते बदली देऊ या. खरं तर तोच मार्ग होता आणि अक्काही कदाचित कबूल झाल्या असत्या. पण शेवंतानेच मान हलवली.

"दुसरं नगं, ताई. ह्ये मालकानं घेतल्यालं हाय." मग अक्कांकडे वळून, खाली पाहत, "अक्का, बिनकाठाचं कसं नेसू? मालक जिते हायेत माझे. लोक काय म्हनतील?"

"इथं तुला कोण ओळखतं?" अक्का म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात जराही विखार नव्हता. एक साधी वस्तुस्थिती त्यांनी सांगितली होती. ओळख ही ज्यांना असते त्यांनाच ती जपावी लागते, बाकीच्यांना सुटका असते, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, "रोज संध्याकाळी दोन घागरी भरून ने आमच्या हौदातून. पाऊस पडेपर्यंत."

शेवंताने हातातली चुंबळ उंबऱ्याशी ठेवली आणि चौकाकडे पाहिलं. कामावरच्या झोपड्यांत पाण्यावरून रोज डोकी फुटत होती हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ओल्या भिंतींवर मारलेलं पाणी खाली ओघळलं की बायका ते फडक्याने टिपून पिळून घेत, हे मी स्वतः पाहिलं होतं. चौकात पाणी पडतच होतं. मला त्या आवाजाचा इतका राग आला की वाटलं, उठून तोटी बंद करावी. मी उठले नाही, आणि उठले असते तरी त्याने काय झालं असतं कुणास ठाऊक.

अक्कांनी तिला आतल्या खोलीत नेसायला एक जुनं पातळ दिलं. हिरवं लुगडं बाहेर आलं, उन्हाने विटलेलं, मातीने जड झालेलं. मास्तरांनी ते फरशीवर पसरलं आणि एका टोकापासून कात्री चालवली. जाड सुती कापड कापताना एक कोरडा, सलग आवाज होतो, कडबा कापल्यासारखा. काठ वेगळा होऊन फरशीवर पडत गेला, लांबच लांब, दोन पट्ट्या. शिलाई मारून झाल्यावर लुगड्याची रुंदी वीतभर कमी झाली होती. शेवंता ते नेसून बाहेर आली तेव्हा तिच्या पोटऱ्या उघड्या दिसत होत्या. तिने अक्कांना वाकून नमस्कार केला आणि घागर आणायला गेली.

काठ अक्कांनी वाया जाऊ दिला नाही. त्याच्या आणि त्यानंतर जमलेल्या काठांच्या मास्तरांकडून सुरेख पिशव्या शिवून घेतल्या. नव्या जिल्ह्यात बदलून आलेल्या साहेबांच्या बायकांना त्या फार आवडल्या. बिनकाठाची लुगडी मात्र खपेनात. बायका घडी मोडून बघत, काठ चाचपायला बोटं न्यायच्या, आणि चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायच्या. एकीने तर मला तोंडावर विचारलं, "ताई, समद्या रांडावाच झाल्या का तुमच्या लातुरात?"

पाण्याचं म्हणाल तर अक्कांनी शब्द मोडला नाही, तो बोअरने मोडला. थोड्याच दिवसांत मोटार वाळू ओकू लागली आणि हौदाला कुलूप पडलं. शेवंता भांडणतंटा न करता पुन्हा टँकरच्या रांगेला लागली. तिथं तिच्या वाडीचं, ओळखीचं कुणी नव्हतं हे खरंच होतं. पण न ओळखणाऱ्या माणसांनाही लुगडं वाचता येतं. मुकादम तिला आधी 'शेवंताबाई' म्हणायचा, तो 'ए बये' म्हणू लागला आणि संध्याकाळी तिच्या झोपडीवरून जरा जास्तच वेळा जाऊ लागला. ती कुंकू आणखी मोठं लावू लागली. मला ते बघवत नसे, आणि न बघवणारी गोष्ट आपण जशी रोज बघतो, तशी मी ती रोज बघत असे.

पोळ्याला काम बंद होतं म्हणून ती वाडीला गेली. परत आली ती चांगली दोन-अडीच आठवड्यांनी. भांडारात शिरली तेव्हा मी पाठमोरी होते. पायांच्या आवाजावरून ओळखून वळले आणि तिचे हात दिसले. मनगटं मोकळी होती. कपाळ पुसलेलं होतं, आणि कुंकवाच्या जागी, इतकी वर्षं ऊन न लागलेला, कातडीचा एक फिका ठिपका उरला होता.

मी विचारलं, "निरोप आला?"

"न्हाई," ती म्हणाली. "कुठला निरोप?"

चिंध्यांच्या ढिगाशेजारी, नेहमीच्या जागी बसून तिने सांगितलं. गावच्या पांदीतून ती येत होती, टँकरभोवती वाडीतल्या झाडून साऱ्या बायका जमलेल्या होत्या. हिला लांबूनच बघितलं कुणीतरी. हिरवं लुगडं ओळखलं, आणि काठ नाही हेही ओळखलं. घागरी खाली पडल्या. लातूर मोठं गाव, हैद्राबादच्या गाड्या तिथं येतात, हिला तिकडंच कळलं असणार, असं सगळ्यांनी एकदमच धरलं. ती जवळ पोचायच्या आत आकांत सुरू झाला होता.

"म्या सांगनारच व्हते, ताई. तोंड उघडलं बी व्हतं. तवर सासू आली पळत. माझ्या गळ्यात पडली. लेकरा, माझ्या लेकरा, म्हनून राहिली व्हती, आन मला कवटाळून राहिली व्हती." ती चिंध्यांतली एक उचलून मांडीवर सरळ करू लागली. "दोन सालात बोल्ली नव्हती माझ्याशी. भाकर बी लोटून द्यायची. मंग म्या बी रडले. लई रडले."

नंतर, देह नव्हता म्हणून, पिठाचा पुतळा करून जाळला. दिवस घातले. बांगड्या फोडताना सासूने स्वतः हात धरला, जपून, काच लागू नये म्हणून. आता ती हिला आपल्याजवळ निजवते. वाडीत जे लोक काहीबाही बोलायचे तेच आता बसायला घोंगडं टाकतात. नवऱ्याने टाकलेली बाई आणि नवरा मेलेली बाई, यांत वाडी किती फरक करते हे मला ऐकून माहीत होतं. शेवंताच्या चेहऱ्यावर ते मी प्रथमच पाहिलं. ती दुःखात होती, आणि तिला बरं वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडावर होत्या आणि एकीमुळे दुसरीला जराही संकोच नव्हता.

मग ती उठली आणि तिने बिनकाठाच्या लुगड्यांची चळत काढायला सांगितली. एकेक उजेडात धरून, विरलेलं कुठं नाही ना हे पाहून, तिने एक करड्या रंगाचं निवडलं. त्या लुगड्यांतलं विकलं गेलेलं ते पहिलं. संध्याकाळी गंगाअक्का आल्या तेव्हा मी त्यांना ते सांगितलं, आणि त्या प्रसन्न होऊन म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? सुरुवातीला लोकांना नवं वाटतं, मग अंगवळणी पडतं." शेवंता कोण हे त्यांना आठवावं लागलं.

पण त्याआधी, लुगडं काखेत मारून ती उंबऱ्यापर्यंत गेली होती, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शेवंता, आणि ते आले तर?"

ती वळली नाही. उंबऱ्यावर पाय ठेवून बाहेरच्या उन्हाकडे बघत उभी राहिली.

"आता यिऊन काय करतील, ताई," ती म्हणाली. "समद्यायनी रडून घेतलंय."

त्यानंतर पाऊस पडला, इमारती पुऱ्या झाल्या, माणसं आपापल्या गावी गेली, ती पुन्हा दिसली नाही. भांडारही पुढे मोडलं. मी लातुरातच राहिले. कधी कामानिमित्त बसस्टँडवर उभी असते आणि हैद्राबादची गाडी येते. धुळीने माखलेल्या दारातून पुरुष एकामागून एक उतरतात, कुणी ट्रंक घेऊन, कुणी रिकाम्या हाताने, कुणी नुसताच गोंधळून फलाटाकडे पाहत. ज्याला मी कधी बघितलेलं नाही, त्याला मी त्यांच्यात शोधत राहते. शेवटचा माणूस उतरतो, कंडक्टर दार लावून घेतो, आणि मला हायसं वाटतं.